शेकरूला खोली

बाबा, परवा मी गावी जाऊन आले. काकांकडे मुक्काम केला आणि भीमाशंकरच्या रानात, जिथे तुम्ही झाडं लावली होती, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून आले. तुम्ही सांगितलं होतं ना, मोठी झालीस की बघून ये. मी मोठी होऊन म्हातारी व्हायला आले तरी जाणं काही झालं नव्हतं. कधी परीक्षा, कधी बाळंतपण, कधी नुसतंच जाऊ की पुढच्या वर्षी.

तुम्हाला आठवतं का, काका घाटकोपरला आपल्या चाळीत आले होते आणि चहा पिता पिता म्हणाले होते, "दादा, शेकरू दिसंनासं झालं रं. कोळशाच्या भट्ट्यांनी जुनी झाडं खाल्ली." मी विचारलं, शेकरू म्हणजे काय? तुम्ही हात पसरून दाखवलंत. खारच, पण मांजराएवढी, तांबूस, अंगापेक्षा शेपूट लांब, आणि जमिनीला पाय लावायला तयार नाही. मग कप खाली ठेवून म्हणालात, "झाडं गेली म्हणजे जागा गेली. आपल्यासारखीच गत." दुसऱ्या खोलीसाठी तुम्ही तेव्हा कुणाकुणाच्या मागे फिरत होतात. त्यामुळे जगात कुणाचंही काही दुखत असलं की त्याला खोली नसणार, असंच तुम्हाला वाटायचं. विक्रोळीच्या वखारीत तुम्ही मशिनं पाठवायची लाकडी खोकी ठोकायचात. उरलेल्या फळ्या मालकाला विचारून घरी आणल्यात आणि रविवारी गॅलरीत शेकरूसाठी घरं बनवायला बसलात. उतरतं छप्पर, गोल दार, दाराला उंबरठासुद्धा! शेजारचा ड्रायव्हर येता-जाता विचारायचा, "काय यार, खारीला ब्लॉक देतोयस? पागडी किती घेणार?" आई आतून म्हणायची, "आधी पोरांना खोली बघा, मग खारीला." तुम्ही तोंडात खिळे धरून हसायचात. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटायचा आणि शेजाऱ्यांसमोर थोडी लाजही वाटायची.

ती घरं एस.टी.च्या टपावर घालून आपण गावी नेली आणि काकांनी ती झाडांवर चढून बांधली. पुढच्या मे महिन्यात बघायला गेलो तर एकात मधमाश्या, एकात पाली, बाकीची रिकामी. शेकरू आपलं घरटं आपणच बांधतं, वर बारीक फांदीच्या टोकाला, पानं-काटक्यांचं, जिथे कुणाचा पाय पोचणार नाही. बुंध्याला ठोकलेल्या खोक्यात ते कशाला राहायला येईल? तुमचा चेहरा एवढासा झाला. आणि तेवढ्यात ते दिसलं. भट्टीसाठी रान तोडून मधे मोकळी पट्टी झालेली, अलीकडे थोडी झाडं, पलीकडे दाट देवराई. शेकरू अलीकडच्या शेवटच्या झाडावर आहे. फांदीच्या टोकापर्यंत येतं, पलीकडे बघतं, मागे फिरतं. पुन्हा येतं, पुन्हा बघतं. मी टाळ्या वाजवून "मार ना उडी!" ओरडते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझं मनगट आवळून धरता. "गप. खाली पडलं तर गावातली कुत्री सोडतील का त्याला?" मग कितीतरी वेळ आपण दोघं बघत राहतो. शेवटी तुम्ही काकांना म्हणता, "खोली नको रे त्याला. रस्ता पाहिजे. झाडाला झाड लागलं पाहिजे."

मग आपल्या गॅलरीत तेलाचे डबे आले. जांभूळ, आंबा, हिरडा. डब्यांमुळे चालायला जागा उरेना आणि आई म्हणाली, "झाडं झोपू देत खोलीत, आम्ही जातो रानात." दर पावसाळ्यात तुम्ही रोपं घेऊन गावी जायचात आणि त्या पट्टीत लावायचात. बकऱ्या खाऊन जायच्या, तुम्ही काट्यांचं कुंपण घालून पुन्हा लावायचात. पुढे तिथे अभयारण्य झालं, भट्ट्या थांबल्या, पण पट्टी तशीच होती. एकदा रोपाला पाणी घालताना म्हणालात, "ह्यांच्या फांद्या भिडेपर्यंत मी नसणार. तू बघ, आणि मला सांग." नव्वद साल उजाडायच्या आत तुम्ही गेलात, त्याच एका खोलीतून. दुसरी खोली काही मिळाली नाही. डबे आईने भंगारवाल्याला दिले. मला फार राग आला होता, तिचा की तुमचा, कोण जाणे.

तर ऐका. निम्मी झाडं वणव्यात गेली. उरली त्यांच्या फांद्या भिडल्या आहेत, बाबा. अगदी अडकल्या आहेत एकमेकींत, खालून आभाळ दिसत नाही. मी खाली उभी राहून मोठ्याने रडले. काका आता काठी घेऊन चालतात. ते म्हणाले, "पलीकडं घरटी हायत. पर अलीकडं आलेलं मी तरी बघितलं नाय. अलीकडचं होतं ते कवाच संपलं." म्हणजे रस्ता तयार झाला तेव्हा ज्याच्यासाठी केला तेच उरलं नव्हतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पलीकडचं येईल की कधीतरी. मला तसं म्हणता येत नाही.

हे टपालात टाकणार नाही, टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर! एवढंच सांगते, तुम्ही बघ म्हणालात ते मी नीट बघितलं नाही. वर फांद्यांकडे बघायचं सोडून मी बराच वेळ पायवाटेकडे बघत होते, तुम्ही येताय का म्हणून. तेवढ्यात वरून ते गेलंही असेल.