गाडी माझ्याशी काही बोलली नाही

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

खताच्या दुकानातून जानेवारीत फुकट मिळालेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. आजपासून रोज लिहायचं. कारण आज आपल्या गॅरेजसमोर जी गाडी उभी राहिली तशी साकोलीत कधी आली नाही.

लाल. दोनच दारं. जपानी. जमिनीला इतकी टेकलेली की चारही टायर पंक्चर आहेत असं मला आधी वाटलं. हिला स्पोर्ट्स कार म्हणतात. मालक घनश्यामशेठ, तुमसरच्या एका राईस मिलवाल्याचा मुलगा. आठ वर्षं कुवेतला होता, येताना गाडी घेऊन आला. रायपूरला निघाला होता. लाखनी सोडल्यावर गाडी ओढेना. इंजिन नुसतं पळतं, गाडी पळत नाही, आणि समोरच्या बोर्डावर दिवेच दिवे. चहाच्या टपरीवर त्यानं मिस्त्री विचारला तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. देवाजी मिस्त्री. म्हणजे मी.

३० तारखेला त्याच्या बहिणीचं लग्न आहे. नवरदेव याच गाडीतून मिरवायचा आहे. मी म्हटलं, पंधरा तारखेला येऊन घेऊन जा.

श्रावण मागून काहीतरी पुटपुटला. बारा वर्षं माझ्या हाताखाली आहे, लग्न झालं, दोन मुली झाल्या, पण पुटपुटायची सवय जात नाही.

१० नोव्हेंबर

तपासणी सुरू. या गाडीला क्लच नाही. गियर आपोआप पडतात. मी दहा मिनिटं पायानं क्लच चाचपत होतो हे फक्त इथे लिहितो. श्रावणला कळू दिलं नाही. तो पाठ फिरवून हसत होता, पण ते दुसऱ्या कशावर असेल.

माझी पद्धत जुनी आहे. लांब पेचकसाचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मशीन स्वतः सांगते कुठे दुखतं. पंचवीस वर्षं तुमसरच्या मिलांमधली इंजिनं मी याच कानानं बरी केली. त्या इंजिनांजवळ माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे, पण मला आतली एक बेअरिंग वेगळी ऐकू येई.

आज गियरबॉक्सला पेचकस लावला. एकदम शांत. श्रावण म्हणतो मागच्या चाकांकडून घर्रघर्र येऊन राहिलं. मी तीनदा ऐकलं. काही नाही. मला येत नाही म्हणजे नाहीच.

निदान : गियरबॉक्स ठीक. दिवे खोटं बोलतात. फॉल्ट इलेक्ट्रिकल.

११ नोव्हेंबर, दुपार

घनश्यामशेठ एस.टी.नं आला होता. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, एक सांगायचं राहिलं, ही गाडी बोलते. बोर्डाच्या आत एक बाई आहे, ती इंग्रजीत सांगते काय बिघडलं ते. मी हसलो. तो हसला नाही. पैसेवाल्यांच्या थट्टेला उत्तर देऊ नये.

तो गेल्यावर मात्र दार लावून, चावी फिरवून, अर्धा तास आत बसलो. बाई एक शब्द बोलली नाही. बिघाडांच्या कागदावर लिहून ठेवलं : एक, दिवे. दोन, ओढत नाही. तीन, बोलणे बंद.

१२ नोव्हेंबर

कुंताबाई चहा घेऊन मागच्या स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये आली. मी गाडीत बसून चावी फिरवत होतो. ती दारातच थबकली, कप हिंदकळला. कोण बाई बसली आहे आत, असं तिनं विचारलं म्हणे. म्हणे, कारण मला ते श्रावणनं जवळ येऊन सांगितलं. मग ती दोघं माझ्याकडे बघत राहिली.

बायकोही त्यांच्यात सामील. आज तिच्याशी बोललो नाही. तीही बहुतेक बोलली नाही.

संध्याकाळी रेडिओ लावला. सेल परवाच बदलले, तरी आवाज बारीक. सेलमध्येही भेसळ. माणसांच्या आवाजातही आताशा दम राहिलेला नाही. युरियाचं धान खाऊन काय होणार?

१४ नोव्हेंबर

बोर्ड उघडला. आत इतक्या रंगांच्या वायरी आहेत की आमच्या इथल्या साडीच्या दुकानातही नसतील. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी बांधायची असा नियम केला. सोळा चिठ्ठ्यांनंतर कागद संपला. पुढच्या लक्षात ठेवल्या.

चार वाजेपर्यंत त्यातल्या बऱ्याच लक्षात होत्या.

१५ नोव्हेंबर

घनश्यामशेठ गाडी न्यायला आला. त्याला सांगितलं, अवघड ऑपरेशनला वेळ लागतो. अठरापर्यंत नक्की. तो बोर्डाच्या भोकाकडे पाहत होता. चांगला माणूस आहे, आवाज चढवत नाही. चढवत असला तरी मला तसं वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर

श्रावणशी भांडण. त्यानं काल मागची चाकं उचलून हातानं फिरवून पाहिली. जड फिरतात. त्याचं म्हणणं, हँडब्रेक आत कुठेतरी अडकला आहे, गाडी ब्रेक लागूनच पळाली, त्यानं गियरबॉक्सचं तेल तापलं, म्हणून ओढत नाही आणि म्हणून दिवे. गाडीतली बाई पण दर वेळी तेच सांगते : पार्किंग ब्रेक इज ऑन.

मी त्याला हँडब्रेकचा दांडा दाखवला. खाली होता. दांडा खाली असताना ब्रेक वर कसा? आणि मी अर्धा तास बसलो तेव्हा बाई गप्प होती, तुझ्याशीच बोलते काय?

तेव्हा तो माझ्या कानाशी आला आणि मोठ्यानं म्हणाला, "काकाजी, एकदा भंडाऱ्याले जाऊन कान दाखवून या. मी येतो संगं."

हे मात्र लख्ख ऐकू आलं. म्हणजे कान ठीक आहेत.

मी त्याला म्हटलं, तुले गाडी कोनं शिकवली ते इसरू नको. तो गेला आणि हात धूत बसला. बराच वेळ धूत होता.

१९ नोव्हेंबर

दिवे पुन्हा लागले. आधी नव्हते तेही लागले. वायपर चालू केला की आता हॉर्न वाजतो, असं श्रावण म्हणतो. हॉर्न मी ऐकला नाही. वायपर पाहिला, तो चालत नाही.

अठरा तारीख टळली. शेवटचा उपाय ठरवला. मागची चाकं उचलून खाली लाकडी ठोकळे द्यायचे, मी वर बसून इंजिन चालू करून गियर टाकायचा, श्रावणनं खालून पाहायचं फिरण्याची ताकद कुठे अडते. चाकं जागच्या जागी फिरतील, धोका काही नाही. २१ ला करू. दिवस चांगला आहे.

२१ नोव्हेंबर

आज काही लिहीत नाही.

२२ नोव्हेंबर

लिहायला पाहिजे. नीट, क्रमानं. उद्या कोणी विचारलं तर.

सकाळी साडेदहा. गाडी ठोकळ्यांवर. श्रावण खाली पाठीवर झोपलेला. इंजिन मी चालू केलं. गियर टाकला नव्हता. ठरलं होतं की तो सांगेल तेव्हा मी गियर टाकायचा. त्यानं खालून आवाज दिला. मी ऐकला. तो 'लावा' म्हणाला. मी लावला.

मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून जातो. श्रावणचा उजवा हात त्या दांड्याजवळ होता. तो तिथे कशाला ठेवला?

गाडी हादरली म्हणून मी इंजिन बंद केलं. लगेच केलं. उतरलो तेव्हा पानठेलेवाला धनीराम रस्ता ओलांडून धावत येत होता, त्याचं तोंड उघडं होतं. कुंता माझ्या आधी गाडीखाली पोचलेली होती. तिनं पदर फाडून त्याच्या हाताला गुंडाळला. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका जीपमध्ये घालून त्याला भंडाऱ्याला नेलं.

मधलं बोट आणि करंगळीजवळचं, अशी दोन बोटं गेली. तो 'लावा'च म्हणाला.

२३ नोव्हेंबर

धनीराम सगळ्यांना सांगत फिरतो की श्रावण 'लावू नका' असं ओरडला. दोनदा ओरडला. रस्त्यापलीकडून कसं ऐकू येईल? मध्ये ट्रक चालू असतात. हायवे आहे.

कुंताला विचारलं. ती भाकरी टाकत होती, मागे, भिंतीपलीकडे. परवा सकाळीही ती तिथंच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा भाकरी थापू लागली.

मग काय, स्वयंपाकघरातही ऐकू गेलं?

२४ नोव्हेंबर

घनश्यामशेठनं ट्रक आणून गाडी नागपूरला नेली. मी त्याला सांगायला गेलो की कोणती वायर कुठली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं. जोरात नाही. बाजूला केलं इतकंच. वायरींवरून गळलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडेच राहिल्या.

गॅरेज उघडं ठेवलं. दिवसभरात कोणी आलं नाही. लग्नसराई आहे.

२७ नोव्हेंबर

लग्नाची पत्रिका पोस्टानं आली. घनश्यामशेठनं मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं दोन ओळी लिहिल्या आहेत. हँडब्रेकची वायर गंजून अडकली होती. ती बदलली, तेल बदललं, गाडी पळते. श्रावणची तब्येत कळवावी.

श्रावणचं नाव लिहिलंय, माझं नाही. पत्ता मात्र माझ्या नावावर आहे.

चार वेळा वाचलं. पेचकस घेऊन अंगणात गेलो, मूठ कानाला लावली आणि टोक हापशाला लावून कुंताला पाणी काढायला सांगितलं. तिनं काढलं. पाणी पडताना दिसत होतं. आवाज फार लांबून आला, कोणी दुसऱ्या गावात पाणी भरत असल्यासारखा.

वाऱ्यामुळेही असेल. आज वारा होता.

२८ नोव्हेंबर

कुंताबरोबर भंडाऱ्याला जाऊन आलो. मोसंबी नेली. श्रावण खाटेवर उठून बसला होता, हाताला पांढरं मोठं बोचकं. त्याची बायको रुखमिणी आम्हाला पाहून बाहेर गेली. पाणी आणायला गेली असेल.

मला वाटलं होतं तो भांडेल. अजिबात नाही. हळू आवाजात बराच वेळ बोलला. खोलीत बारा-पंधरा माणसं, तिकडे कोणाचं मूल रडत असावं. मी हो, हो म्हणत गेलो. मान डोलावली. आपण त्याच्या बाजूचे आहोत हे त्याला कळायला हवं. मग तो खिडकीकडे पाहायला लागला. दमला असेल.

एकंदरीत भेट चांगली झाली. मनावरचं ओझं उतरलं.

२९ नोव्हेंबर

उतरलेलं नाही.

काल एस.टी.त कुंता पूर्ण रस्ता रडत होती. मी विचारलं तर मान हलवायची. आज सकाळी मी चुलीपाशी बसलो होतो. ती समोर येऊन बसली. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, लहान पोराचा धरतात तसा, आणि आपल्याकडे वळवला. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं असं कधी केलं नव्हतं. मग एकेक शब्द सुटा करून बोलली. तिच्या ओठांवरून मला अर्ध्याहून जास्त समजलं, उरलेलं तिनं परत सांगितलं.

"श्रावण इचारत होता. काकाजी, मी लावू नका म्हनलो, ते तुमाले आयकू आलं होतं का? तुमी हो म्हनलात. त्यानं पुन्हा इचारलं. तुमी पुन्हा हो म्हनलात. हसून म्हनलात."

मी म्हटलं, मग तू तिथंच काहून नाही सांगितलं त्याले?

ती म्हणाली, काय सांगू? तुमी कोनाले सांगू देता?

चहा तसाच राहिला. बारा वर्षं. त्याला पाना धरायला मी शिकवलं. त्याच्या लग्नात मी त्याच्या बापाच्या जागी उभा होतो. आणि तो त्या खाटेवर बसून समजतो आहे की मला ऐकू आलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

तुमसरला लग्न. गेलो नाही. पहिल्या एस.टी.नं भंडाऱ्याला गेलो, एकटा. वाटेत वाक्य पाठ केलं. चार शब्दांचं होतं, तरी भंडारा सोडून शहापूरच्याही पुढे गेल्यासारखा लांब रस्ता वाटला.

रुखमिणी दारात उभी राहिली. मी तिला हात जोडले. तिनं वाट दिली.

श्रावणनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी खाटेच्या कडेला बसलो. आपला आवाज किती मोठा निघतो ते मला आता कळत नाही, बहुतेक ओरडलोच, कारण खोलीतली सगळी माणसं वळली. मी म्हटलं, "मले आयकू येत नाही, श्रावण. दोन वरसं झाली. तू काय म्हनला ते मले आयकू आलं नव्हतं. त्या दिवशी बी, आन् परवा बी."

त्यानं मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. मग ओठ हलले. तीन-चार शब्द असतील.

समजलं नाही. चेहऱ्यावरूनही समजेना. राग होता की दुसरं काही.

या वेळी मी मान डोलावली नाही. म्हटलं, पुन्हा सांग.