घर कुणाच्या नावावर

३ नोव्हेंबर
शेजारचे शिवशरण गेले त्याला पंधरवडा झाला. आज त्यांच्या दाराला दोन कुलपं. एक थोरल्या पोराचं, एक धाकट्याचं. त्यांची बायको माहेरी गेली. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मला एकाहत्तरावं चालू आहे. आपण करून टाकावं.

६ नोव्हेंबर
पुण्याहून आमच्या धाकट्याचा, राजपालचा फोन. मृत्युपत्राचं सांगितलं. म्हणाला, "आबा, घर इकून टाका, माझ्याकडं या. वहिनीला काय, पगार आहे."
वहिनी म्हणजे वृषाली. थोरल्याची, बुद्धघोषची बायको. ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं बुद्धघोषला उडवलं, तेव्हा तिच्या माहेरचे न्यायला आले होते. गेली नाही. दवाखान्यात नर्स आहे, आमच्याजवळच राहते.
राजपाल वाईट नाही. घाई फार.

९ नोव्हेंबर
घर निम्मं राजपालला, निम्मं वृषालीला. जमलं.

१० नोव्हेंबर
नाही जमलं. दार एक, नळ एक. राजपाल त्याचं निम्मं विकणार आणि वृषालीच्या स्वयंपाकघरात कुणीतरी तिऱ्हाईत येऊन बसणार.
तिलाच विचारलं, तुला काय पाहिजे? भाकरी थापत होती. "मामा, तुमच्या माघारी भाऊजींसंगं भांडण नको. बाकी काय न्हाय."
माझी बायको सुमन तिथंच शेंगा फोडत होती.

१२ नोव्हेंबर
घर वृषालीला, बँकेतली ठेव राजपालला. ठरलं.

१७ नोव्हेंबर
रणधीर वकिलांकडं गेलो. त्यांनी घराचे कागद मागितले, बघितले, परत बघितले.
"काका, हे घर तुमच्या नावावर नाही."
"मग कुणाच्या?"
"सुमनबाई पिराजी."
खरं आहे. प्लॉट घेतला तेव्हा मी एसटीत ड्रायव्हर. सहीच्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, तुळजापूरची गाडी घेऊन गेलो होतो. सुमन गेली सहीला. तेव्हापासून मी माझं घर, माझं घर म्हणतोय.
वकिलांनी चहा पाजला. फी घेतली नाही.

१८ नोव्हेंबर
सुमनला सांगितलं. "म्हाईत हाय की," म्हणाली.
"मग बोलली का नाहीस?"
"तुमी साऱ्या गावाला इचारत होता. मला कुठं इचारलं?"
जेवण नीट गेलं नाही.

२४ नोव्हेंबर
सुमन एकटीच वकिलांकडं जाऊन आली. काय लिहून घेतलं, सांगत नाही. म्हणालो, निदान साक्षीला तरी मी राहतो.
"तुमची सही चालत न्हाय."
आयुष्यभराचा संसार — आणि सही चालत नाही. दिवसभर बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नसावं.

२७ नोव्हेंबर
सुमनच्या मृत्युपत्राची नोंदणी झाली. साक्षीला आमच्या डेपोतला कंडक्टर रामकिसन आणि त्याचा जावई. मी बाहेर बाकावर. आतल्या साहेबांनी सुमनला विचारलं, कुणाच्या दबावाखाली करताय का?
"न्हाय," म्हणाली आणि दारातून माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचा पंखा बघितला.
घरी आल्यावर राजपालला तिनंच फोन लावला. "घर वृषालीच्या नावानं लिवलंय. तू येत जा. जेवत जा." तो म्हणाला, "बरं, आई."
वृषाली आत जाऊन रडली. मग चहा ठेवला.

२८ नोव्हेंबर
बाजारात वकील भेटले. विचारलंच, माझी साक्ष का चालली नाही?
"ज्याला त्यात काही मिळतं, त्यानं साक्षीला राहू नये, काका."
"मला काय मिळालं?"
"ते काकूंना विचारा."
घरी येऊन विचारलं. सुमन मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या आधी गेले तर तुमाला या घरातून कुणी हलवायचं न्हाय. पयलं तेच लिवून घेतलं."