आमचा दुसरा नंबर कसा आला

सौ. करिष्मा हिला दाभोशाहून जगनचा नमस्कार (नवऱ्याने बायकोला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, यावर आईचं आणि माझं बरंच वाजलं, शेवटी ती म्हणाली, "काय बी लिही, पन चुलीवरचा भात बघ").

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तुझी शेळी व्यायली, दोन्ही करडं उनाड आहेत. तुझी तब्येत कशी आहे? नर्सिंग शिकणाऱ्या माणसाला हे काय विचारायचं, तरी विचारतो. फोनवर विचारलं असतं, पण रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर येते, आणि तिथे निम्मा गाव उभा असतो. त्यांच्यासमोर "जेवलीस का" याच्यापुढे माझी गाडी सरकत नाही.

तर आपल्या टेनिस बॉलच्या लीगमध्ये जव्हार-मोखाड्याच्या गटात आपली दाभोसा इलेव्हन आणि वावर गावची टीम सारख्याच गुणांवर अडकल्या. पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरल्याशिवाय सेमीफायनल लागेना. नियमाप्रमाणे आधी आपसातली मॅच बघायची. पण तिचा निकालच लागला नव्हता. मैदानाच्या कडेला रखमीआजीने मोहाची फुलं वाळत घातलेली, वावरवाल्याचा फटका नेमका त्यांत पडला, आणि आजी काठी घेऊन उभी. "फुलांवर पाय ठेवशाल तर बघा!" बॉल आणायला गेलेला आमचा बाबल्या हात जोडून विनवतोय आणि तिकडे वावरचे दोघे धावतायत ते धावतायतच (शेवटी एक जण दमून पिचवरच बसला). रन किती धरायच्या यावर भांडण झालं, आणि गुण अर्धे-अर्धे वाटून दिले.

मग रनरेट काढायला घेतला, तर कमिटीच्या तीन मोबाइलवर तीन उत्तरं. अध्यक्ष धोंडीमामा वैतागले. म्हणाले, "ते डबे खिशात घाला. एक स्टंप रोवा. बॅटवाला नको. दोन्ही टीमनी पाच-पाच बॉल टाका, जास्त वेला उडवील तो पहिला."

जव्हारच्या मैदानावर सगळे जमले. शेवटच्या बॉलपर्यंत बरोबरी. वावरवाल्याने त्याचा बॉल बरोबर स्टंपावर घातला. आता मी. उडवला तर पुन्हा बरोबरी, चुकला तर दुसरा नंबर. आपला कॅप्टन उमेश कानात म्हणाला, "डोले मिटून टाकलास तरी लागल." मी धावलो, आणि तेवढ्यात रस्त्याने नाशिकची एसटी निघाली. मागच्या खिडकीत कोणी बाई होती. तू नव्हतीस, हे मला कळत होतं. नाशिकात असलेलं माणूस नाशिकला कशाला निघेल? तरी मान वळली. अलीकडे ती अशीच वळते, बाजारात वळते, डेपोत वळते, जेवताना दाराकडे वळते. आई म्हणते, मानेला काही झालं असेल तर दाखवून ये.

बॉल स्टंपापासून हातभर लांबून गेला. तेव्हापासून उमेश माझ्याशी बोलत नाही (बसतो मात्र माझ्याच शेजारी).

वेळेवर जेव. अभ्यासात डोळे फोडू नकोस.

तुझा,
जगन

ता. क. मी मुद्दाम चुकवला असं गावात बोलतात. तुझ्या कानावर आलं तर विश्वास ठेवू नकोस.

आणखी एक ता. क. सांगायचं राहिलंच. पहिल्या नंबराची सेमीफायनल जव्हारलाच आहे. दुसऱ्या नंबराने नाशिकला जाऊन खेळायचं, येत्या रविवारी सकाळी, तुझ्या हॉस्टेलच्या मागच्या मैदानावर. (लीगच्या सुरुवातीला हे वाचून दाखवलं, तेव्हा बाकीचे चहा पीत होते. मी ऐकत होतो.) तू बजावलं होतंस की परीक्षा होईपर्यंत कामाशिवाय यायचं नाही, येतोस आणि नुसता बघत बसतोस. आता हे कामच आहे. थोडा वेळ येशील का?

शेवटचं ता. क. हरलो तर त्याच संध्याकाळी जीपने परत. जिंकलो तर फायनल तिथेच, सोमवारी, म्हणजे मुक्काम. म्हणून आज उमेशला सांगितलं की रविवारी मी जीव तोडून बॉलिंग टाकणार. त्याने खिशातला बॉल काढून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, "वयनीला कलवलास का?"