बाबा चौकात बसतात

४ मार्च
बाबांनी आज पुन्हा दार वाजवलं. कानावर हेडफोन होते, ऐकू आलं नाही असं सांगितलं. आलं होतं.

दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या. तोंडाला मास्क, मशीनची घरघर — बोलणार कोण आणि कुणाशी? घरी आलं की कॉम्प्युटर लावायचा आणि थेट त्यातल्या आभासी गावात, तळ्यावर. तिथे माझं घर आहे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. मंडळी जमतात. मी काही बोलले की हसतात. बाहेर माझ्या बोलण्यावर शेवटचं कोण हसलं होतं, आठवत नाही.

६ मार्च
ताट झाकून ठेवलेलं. बाबा एकटेच जेवले.

७ मार्च
‘आत असं आहे तरी काय?’ बाबांनी विचारलं. म्हटलं, तळं आहे, माणसं आहेत. मग मलाही दाखव की, म्हणाले. झाली का पंचाईत!

९ मार्च
जुना टॅब दिला त्यांना. निदान माझी पाठ तरी सोडतील. रूप निवडायला सांगितलं, तर तरणाबांड गडी निवडला — लाल शर्ट, डोक्यावर केसांचं रान! खऱ्या डोक्यावर चार केस नाहीत. मला हसू आवरेना. तेही हसले. किती दिवसांनी!

त्यांना तिथल्या चौकात उभं करून दिलं आणि मी तळ्यावर परतले. तिथलं माझं नाव सांगितलं नाही. माझ्या घरात मी बोलावल्याशिवाय कुणाला येता येत नाही. एवढी एक जागा तरी माझी असू दे.

१२ मार्च
दार वाजलं नाही. काय सुख!

१३ मार्च
आजही नाही.

१८ मार्च
आज ताट झाकलेलं नव्हतं. बाबा टॅबसमोरच दोन घास खाऊन मोकळे झाले होते. त्यांना लॅबमधली गंमत सांगायला गेले — एका आजोबांना नवी कवळी थोडी वाकडी हवी आहे, सरळ दातांनी बायको ओळखणार नाही म्हणे! बाबा ‘हं’ म्हणाले. नुसतं ‘हं’.

पायांचा व्यायामही बंद केलाय. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना म्हटलं, त्या टॅबचं वेड लागलंय त्यांना. बाईंनी माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं. ‘हे तुम्ही सांगताय?’ म्हणाल्या.

२२ मार्च
आज मी त्यांचं दार वाजवलं. त्यांना ऐकू गेलं नाही — किंवा गेलं, देव जाणे. आतून त्यांचा आवाज येत होता. कुणाला तरी अगदी आर्जवानं काहीतरी विचारत होते. शब्द कळले नाहीत. माझ्याशी या आवाजात बोलून किती काळ झाला असेल?

दोन खोल्यांचं घर, मध्ये एक भिंत, आणि इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. तळ्यावर गेले, पण तिथेही बोलावंसं वाटेना. बाबांनी एकदा हाक मारावी, बस्स, एवढंच हवंय.

२५ मार्च
तळ्यावर आज एकाची नक्कल चालली होती. चौकात एक लाल शर्टवाला बसलेला असतो म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारतो, ‘माझी मुलगी इथेच कुठेतरी राहते हो. कवळ्या बनवते. पाहिलीत का?’

सगळे पोट धरून हसत होते.

२५ मार्च, नंतर
हेडफोन काढले आणि बाबांच्या खोलीत गेले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, ‘बाबा, मी आलेय.’

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘जरा थांब गं. माझ्या मुलीची यायची वेळ झालीये.’