बागेत वाढायचं नाही!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

झाला नियम पास! सहा विरुद्ध एक. आता शहराच्या कुठल्याही बागेत पंचवीसच्या वर माणसांना जेवू घालायचं तर परवाना हवा. परवाना मिळणार वर्षातून दोनदा. म्हणजे माणसाला भूकही वर्षातून दोनदाच लागते, असं नगरपालिकेचं मत दिसतंय.

सभेत मलाही बोलायला दिलं. माझ्या आधी लाल टायवाला सभासद म्हणाला, "दाणे टाकले की कबुतरं जमणारच." कबुतरं! मी म्हटलं, "साहेब, माझं केसांचं दुकान होतं तेव्हा तुमच्या आईचे केस मीच धुवायचे. त्या माउलीनं कधी माणसाला कबूतर म्हटलं नाही." लोक हसले. माझा माइक बंद केला. मला माइक कशाला लागतो? तशीच बोलत राहिले.

बाहेर आल्यावर ओपल रडवेली. चर्चमधली माझी मैत्रीण, सगळा भात तीच शिजवते. "आता गं काय करायचं अर्नेस्टीन?"

"गुरुवारी काय करतो आपण?"

"घेवडा-भात."

"मग घेवडा भिजत घाल."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

वाढलं. सगळे आले. लेम्युएलनं नेहमीसारखी प्रार्थना म्हटली. लांबलचक! मागून ट्वायला ओरडली, "आजोबा, देवाला समजलंय, भात गार होतोय!" ती तिच्या कुत्र्यासकट मोटारीत राहते. मोटार चालत नाही. लेम्युएल पूर्वी फरशा बसवायचा. वाचनालयातली फरशी त्याच्या हातची. आता त्याच वाचनालयाच्या पायरीवर झोपला की त्याला उठवतात.

पोलिस कुणी आले नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

वेंडल घरी आला. गणवेशातच. बागेचा भाग त्याच्याच गस्तीत येतो, हे मला ठाऊक होतं. पण तो उभ्या उभ्या बोलेल असं वाटलं नव्हतं.

"आई, या गुरुवारी येऊ नकोस."

"कोण सांगतंय? माझा मुलगा की पोलिस?"

"दोघंही. साहेबानं मुद्दाम मला पाठवलंय. माझी दोन पोरं आहेत, आई. नोकरी गेली तर तू सांभाळणार का?"

"सांभाळीन. घेवडा-भात घालीन."

हसला नाही. म्हणाला, "दुकानदारांचंही ऐक ना जरा. सकाळी शटर उघडायचं तर आधी दारातली घाण धुवावी लागते त्यांना." खरं आहे ते. मी नाही म्हणत नाही. पण बागेतल्या संडासाला कुलूप कुणी घातलं? नगरपालिकेनंच! आधी कुलूप घालायचं आणि मग घाण वास म्हणून नाक दाबायचं.

तो गेल्यावर गुरुवारचा घेवडा निवडायला बसले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दंडाची पावती मिळाली. पोटच्या पोराच्या हातची.

मी म्हटलं, "नावाचं स्पेलिंग नीट लिही. तुझ्या आजीचंच नाव ठेवलंय मला." रांगेतलं कुणी हललं नाही. ओपलनं डाव खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि परत उचलला! जन्मभर वाहतुकीचा पिवळा दिवा दिसला तरी थांबणारी बाई ही.

पावती एप्रनच्या खिशात घातली आणि वाढत राहिले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर — थँक्सगिव्हिंग

आज बागेत महापौर! गुरुवार आमचा, बाग आमची, पण परवाना त्यांचा. पांढरे एप्रन, टर्की, कॅमेरे. महापौरांनी लेम्युएलच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. कॅमेरेवाले जाताच टेबलं आवरली. मागच्या लोकांना मिळालंच नाही.

आम्ही पलीकडच्या कोपऱ्यावर ओपलच्या गाडीच्या डिकीतून चिकनचा रस्सा आणि मक्याचा पाव वाटला. लेम्युएल परत रांगेत. म्हटलं, "अहो, तुम्ही तर महापौरांबरोबर जेवलात ना?"

"मिस अर्नेस्टीन, ते फोटोसाठी होतं. हे पोटासाठी."

गुरुवार, ४ डिसेंबर

हे लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर झोप येणार नाही.

साहेब स्वतः आला. बरोबर वेंडल आणि आणखी एक पोलिस. साहेब म्हणाला, "अन्न जप्त करा." दुसरा पोलिस पुढे झाला. तर साहेब म्हणाला, "तू नाही." आणि वेंडलकडे बोट केलं.

वेंडलनं माझा मोठा टोप उचलला. वाफा येत होत्या. रांग बघत होती. कचऱ्याच्या पिंपात ओतला त्यानं. सगळा. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खायच्या आधी व्हायचे तसे.

ट्वायला किंचाळली, "अरे, त्यात ब्लीच तरी ओत, म्हणजे आम्ही काढून खाणार नाही!" लेम्युएल गेला पिंपापाशी. वाकला. वरवरचा भात हातानं थाळीत घेतला. आणि म्हणाला, "प्रभू, तुझे आभार." एवढंच. आज प्रार्थना छोटी.

मग मी राहिलेला पाव वाटायला घेतला. साहेब म्हणाला, "अटक करा यांना." मी दोन्ही हात पुढे केले. वेंडल म्हणाला, "आई, बेड्या नको, नुसती चल." मी म्हटलं, "घाल. सगळ्यांसारख्या घाल." घातल्या. सैल.

गुरुवार, २५ डिसेंबर

जामिनावर सुटून तीन आठवडे झाले. वेंडल मुलांना घेऊन आला. मुलांना वाढलं. त्यालाही वाढलं. माझ्या घरी परवाना लागत नाही. त्यानं घास घेतला नाही. मी पोरांचे नवे बूट पाहिले, छान म्हटलं.

बुधवार, १४ जानेवारी

कोर्ट! अजून हसू आवरत नाहीये.

गावातल्याच लोकांतून निकाल देणारे पंच, म्हणजे ज्युरी, निवडायचे होते. सरकारी वकिलानं पहिल्या बाईला विचारलं, "गुन्हा सिद्ध झाला तर आरोपीला दंड कराल ना?" बाई म्हणाल्या, "कशाबद्दल?" "विनापरवाना अन्नवाटप." "भात वाढल्याबद्दल? नाही हो बाबा." दुसरा, नाही. तिसरा, नाही. मग एक म्हातारा निवृत्त सैनिक उभा राहिला. म्हणाला, "खरं सांगू? हे लोक माझ्या घरासमोर नकोत मला. तीनदा तक्रार केलीये मी." तो पुढे म्हणाला, "पण या बाईंना मी एक दमडीचा दंड करणार नाही. लाज वाटेल मला."

पंच पुरे होईनात! न्यायाधीशांनी चष्मा काढला, डोळे चोळले. सरकारी वकिलाला म्हणाले, "आणखी किती लोकांना विचारायचंय तुम्हाला?" दुपारी खटला मागे घेतला.

ओपलनं पायऱ्यांवरच नाच केला. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी!

उद्या गुरुवार. घेवडा भिजत घातलाय. दुप्पट.

गुरुवार, १५ जानेवारी

बागेत कुणी नाही.

एक माणूस नाही. ट्वायलाची मोटारही नाही. जिथं असायची तिथं तेलाचा डाग. ओपल आणि मी, गरम टोप, आणि रिकामी बाकं. वाचनालयाच्या पायऱ्या धुऊन काढलेल्या.

वेंडल आला. गणवेश नव्हता. म्हणाला, "आई, तुला अडवता येईना, म्हणून त्यांनाच उचललं. पहाटे. बसमध्ये घालून जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे सोडलं, त्या बंद पडलेल्या बाजाराच्या आवारात. बसच्या पुढे गाडी माझी होती. लेम्युएल विचारत होता, आज गुरुवार ना?"

टोपाला हात लावून पाहिला. गरम होता.

म्हटलं, "दुसरी कडी धर. आणि ओपलच्या गाडीत पुढे बस. रस्ता तुला माहीत आहे."