बिनत्रासाची गाठ

११ जाने. १९३७
वांग्याला पाणी दिलं. थंडी अशी की मी घोंगडीत, अन् आमची ही उघड्या दंडांनी पाटाच्या पाण्याची दारं धरून उभी! मायला सुनेचं भारी कौतुक. "लय काटक हाय. थंडीच वाजत नाही तिले." मलाही बरं वाटलं. हिच्या गळ्यावरची गाठ लग्नात बोराएवढी होती, आता लिंबाएवढी.

१९ जाने.
वाशीमच्या बाजारात हिनं तराजू धरला तर पारडं थरथर. गिऱ्हाईक बाई ओरडली, "नीट धर ना वं, मापात मारतं काय?" मला रागच आला. मग हिच्या हाताकडं पाहिलं. खरंच थरथरत होता. चार-चार भाकरी खाते, तरी चोळ्या ढिल्या. आपण इतके दिवस काय पाहत होतो?

२३ जाने.
दवाखाना. तोबा गर्दी. डॉ. म्हणाले, अशा गाठी दोन तऱ्हेच्या. एक नुसती बसून राहते. दुसरी जास्तीचा रस सोडते, साऱ्या अंगाला पळवते. वरून सारख्याच, त्रासावरून ओळखायच्या. हिला विचारलं, "काही त्रास?"
"काईच नाही जी."
"धडधड?"
"नाही जी." हात पदरात गुंडाळलेले.
डॉ.नी बिनत्रासाची ठरवली. अरे, नवऱ्यासमोर दुखतं म्हणायची आमच्यात रीत आहे का? मीही हाताचं न सांगताच निघालो.

२४ जाने.
मायला माझी शंका सांगून पाहिली. भडकली. "काम करते म्हून बिमार? मंग आळशाले काय म्हनशीन?"

२९ जाने.
पुन्हा नेलं. या खेपेस मीच बोललो. थंडी, भूक, हात, सगळं. डॉ.नी नाडी धरली, घड्याळ काढलं, पुन्हा धरली. रस सोडणारीच म्हणाले; थंडी न वाजणं, कामाचा जोर, सारं तिचंच. नागपूरला नेऊन कापावी लागेल. कापण्यात धोका आहेच. ठेवली तर काळीज थकून जाईल. ही माझ्याकडं अशी पाहत होती, जशी मी तिची चहाडीच केली. रस्ताभर चार पावलं मागूनच चालली. मला भीती वाटून राह्यली, फार.

३१ जाने.
मेथी खुडताना ही आपणहून बोलली.
"गाठ काढली म्हंजे मले बी थंडी वाजन?"
"वाजन."
"थकवा बी येईन?"
"येईन. साऱ्यायले येते."
जुडी बांधून झाली, मग म्हणाली, "मंग मायले चालन का जी? तुमाले?"
चालन म्हणालो. पण जरा उशिरानं म्हणालो, अन् तो उशीर तिला कळला. नागपूरला यायला अजून हो म्हणाली नाही.