कच्चा दोरा

भांडगाव, ता. दौंड
२ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप अब्बांस आरिफचा सलाम.

मी खुशाल आहे. अम्मीला सांगा, खानावळीच्या गीताबाई पहाटे सहरीचा डबा न चुकता देतात, काळजी नको. तहमीनाचा अभ्यास कसा चालला आहे?

कंपनीत आमचं ट्रेनिंग झालं. त्यात जपानी शब्द शिकवले: मुदा, मुरा, मुरी. इंग्रजी पुस्तकातही तसेच छापलेत. ऐकायला तिळी भावंडं, पण तिघांची तऱ्हा निराळी. मुदा म्हणजे फुकट जाणारी मेहनत. मुरा म्हणजे कधी हात रिकामे, कधी कामाचा ढीग. मुरी म्हणजे माणसाला झेपणार नाही इतकं ओझं. मी दोनदा घोळ घातला. साहेब म्हणाले, "घरचं उदाहरण घे, मग चुकणार नाहीस."

मला आपलं शिरूरचं दुकानच आठवलं. मापाची टेप हरवली म्हणून तुम्ही दुकान डोक्यावर घेता आणि टेप तुमच्याच गळ्यात असते, ते मुदा. रागावू नका! एरवी माश्या मारायच्या आणि ईदच्या तोंडावर कापडांची थप्पी छताला, तो मुरा. त्या थप्पीपुढे रोजा धरून, सुजलेल्या गुडघ्याने पायडल मारणारे तुम्ही, ती मुरी.

साहेबांनी विचारलं, "दुकानात दुसरं कोणी नाही का?"

अब्बा, गेल्या वर्षी ईदला आठ दिवस असताना मी भांडून निघून आलो. आधी कच्चा दोरा घालायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर बघायचं, मगच पक्की टीप मारायची, ही तुमची रीत. मी तिला वेळेची नासाडी म्हणालो. इथे तर प्रत्येक टप्प्यावर तपासल्याशिवाय काम पुढे सरकू देत नाहीत. चूक माझी होती.

परवा दौंड स्टेशनवर इनामगावचे तात्याबा भेटले. म्हणाले, "तुज्या बापानं जल्मात पयल्यांदा माजं कापड न शिवता परत दिलं. वर बघितलं न्हाई माज्याकडं. पर म्या दुसऱ्याकडं टाकलं न्हाई. तसंच हाय पेटीत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी माझी सुट्टी असते. ईदपर्यंत दर गुरुवारी दुकानात बसेन. दिवसाला झेपतील तेवढेच कपडे घ्या, बाकीच्यांना पुढची तारीख द्या. बोलणी मी खाईन. येऊ नको म्हणालात तरी येणार आहे.

तात्याबांना कापड पुन्हा आणून द्यायला सांगितलंय. तुम्ही कापून कच्चा दोरा घालून ठेवा. पक्की टीप मी येऊन मारतो.

तुमच्या दुकानातला कारागीर,
आरिफ